बशीत मावेल तेवढं

आमच्या सावंतकाकांना लग्नाला बोलावलंत तर ते येतात, आहेर देतात आणि पिशवीतून स्वतःची बशी काढतात. पोहे खायची, काठाला टवका उडालेली. काशीमीऱ्याच्या हॉलमध्ये केटररचा माणूस म्हणाला, "अंकल, ये तो बच्चे का प्लेट है." काका म्हणाले, "भर दो. पण एकदाच."

मी तेव्हा 'दहा दिवसांत दहा किलो कमी'वाल्या पावडरींविरुद्ध आमच्या बेव्हर्ली पार्क वस्तीत पत्रकं वाटत होतो. दिवसाढवळ्या लूट आहे ती! माझ्या पत्रकात बावीस सूचना होत्या. काकांनी ते वाचून परत केलं.

"बावीस कोणाला जमतात रे? मला एक जमली. बशी."

चार महिन्यांनी दुसरी जमली. कामावरचा, गोदामातला चहा बिनसाखरेचा. भात मात्र सोडला नाही. "रत्नागिरीच्या माणसाने भात सोडला तर उरेल काय?"

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पक्षाघात झाल्यापासून काकू चौथ्या मजल्यावरच अडकलेल्या. लिफ्टसाठी मी घरोघर सह्या गोळा केल्या, कमिटीने त्या फायलीत घातल्या. मी पेटलो. काकांनी एक गोणी आणली.

रोज कामावरून आले की पाठीला तांदळाची गोणी बांधून चार जिने चढायचे, उतरायचे. स्वतःचा एक किलो उतरला की गोणीत दोन किलो टाकायचे. पोरंसोरं विचारायची, "काका, रेशन घरपोच देताय?" मीही ओरडलो, "गुडघे जातील! हा अघोरीपणा आहे!"

"हळूहळूच वाढवतोय ना? तुझीच सातवी सूचना."

दीड वर्षात काका वीस किलोंनी उतरले. मग एका रविवारी हाक आली. "वर ये. मागून धरायला माणूस हवा."

वर गोणी रिकामी पडली होती. त्याच पट्ट्यांनी काकांच्या पाठीला काकू बांधलेल्या.

"पाडाल हो मला!"

"तांदूळ कधी सांडलेत?"

मजल्यामजल्यावर दारं उघडली. हसणारेच टाळ्या पिटत होते. मी घोषणाच दिली, "सावंतकाका झिंदाबाद!"

गेटपाशी खुर्चीत टेकताच काकूंनी वडापाव मागितला. काकांनी बशी काढली, वडापाव मोडला आणि मोठा तुकडा काकूंच्या हातात दिला.

"आज तरी तुम्ही आख्खा खा," मी म्हणालो.

"नको रे," काकूंच्या ओठाकडची चटणी पुसत काका म्हणाले, "पुढच्या रविवारी पण आणायचंय हिला."