बुजगावण्याला राम राम

चित्रकला म्हणजे आंबा, जास्वंद आणि घागर नव्हे, हे बुद्धघोष सर शाळेत रुजू झाल्या दिवसापासून सांगत आले होते. नवा ऐकणारा भेटला की ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. बावड्याहून नरसिंहपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत ते कलाशिक्षक होते, आणि पाचवी ते दहावीपर्यंत सगळ्यांना मिळून एकटेच होते. निसर्गचित्र काढा म्हटलं की नववीची पोरं कागदाकडं न बघता दोन डोंगर काढत, त्यांच्यामधून सूर्य वर काढत आणि खाली नदी सोडून मोकळी होत. इथून डोंगर बघायचा तर एसटीत अर्धा दिवस जातो, मग हे कुणाचे डोंगर काढता, असं सर विचारत. दाराबाहेर शाळू उभा आहे, ऊस आहे, जितीजागती माणसं आहेत, ती काढा. पोरांना ते पटे. मग ती त्याच डोंगरांच्या पायथ्याला थोडा ऊस लावत.

सरांच्या डोक्यात कल्पना भरपूर होत्या, पण त्या राबवायला खोली नव्हती. चित्रकलेचा तास व्हरांड्यात भरे. भीमेवरून वारा सुटला की कागद मैदानात जात, कागदांमागं पोरं जात आणि पोरांमागं तास जाई. शाळेच्या मागच्या अंगाला एक ऐसपैस खोली मोडक्या बाकांनी भरून पडली होती. तिची किल्ली आबासाहेबांकडं असे.

आबासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष. सत्तरी ओलांडली तरी फटफटीवर फिरत, चष्मा खिशात ठेवून फिरत, आणि वाटेत दिसेल त्याला राम राम घालून त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढं जात नसत. राम रामाला उत्तर न देणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातून उठलेला. सरांनी वर्षभर त्यांच्या घराच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं ते म्हणाले की शनिवारी समितीची बैठक आहे, तिला पोरांचं काहीतरी काम दाखवा, मग खोलीचं बघू.

"झालं काम," सर घरी येऊन अंजलीला म्हणाले. अंजली त्यांची बायको, सरकारी दवाखान्यात परिचारिका. रोज माणसं बघून बघून तिचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. सरांनी तिला बेत सांगितला. शाळू निसवला होता, कणसांवर पाखरं तुटून पडत होती, म्हणजे बुजगावण्यांचे दिवस होते. नववीच्या बत्तीस पोरांनी बत्तीस बुजगावणी करायची. विषय, 'माझ्या घरचं माणूस'. चिपाडं, कडबा, खताच्या रिकाम्या गोण्या आणि मडकं, एवढ्यावर घरच्या माणसाची हुबेहूब ढब आणायची. मग ती रस्त्याकडेच्या रानांत उभी करायची. बैठकीला येणारी समिती बत्तीस शिल्पांच्या मधून येणार.

"पण बुजगावण्याला पाखरं तरी फसतात का हो?" अंजलीनं विचारलं.

"पाखरं फसून काय करायचंय? माणसं फसली पाहिजेत. ती खरी कला."

अंजली यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही की सरांना तो होकार वाटे.

पोरांनी मात्र कमाल केली. कुणी कमरेवर हात ठेवून भांडणारी चुलती केली, कुणी मोबाइल कानाला लावून वाकडा उभा राहिलेला काका केला. पण सगळ्यांवर ताण केली छकुलीनं. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण सरांसकट सगळा गाव तिला छकुलीच म्हणे. तिनं आपला आजा, सोनबा तात्या, केला. सोनबा तात्यांचा बाप मेंढरं राखायचा. तात्यांचं आयुष्य शेतीत गेलं, तरी उभं राहायची ढब रानातलीच राहिली होती: काठीवर हनुवटी, एक पाय दुसऱ्याला तिढा घातलेला, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल मुंडासं. छकुलीनं ती ढब अशी पकडली की सर तास संपला तरी तिच्याभोवती फिरून बघत राहिले. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं काम त्यांच्या हाताखालून गेलं नव्हतं. घोंगडी आणि मुंडासं तिनं आजाचंच न विचारता उचललं होतं, कारण तात्या रविवारीच लेकीकडं कळंबला गेले होते आणि शनिवारशिवाय येणार नव्हते. बुजगावणं रस्त्यालगतच्या त्यांच्याच रानात उभं राहिलं. पाखरं तासाभरात त्याच्या मुंडाशावर बसायला लागली.

माणसं मात्र फसली. निदान एक तरी फसलं.

सोमवारी सकाळी आबासाहेब फटफटीवरून निघाले. सोनबा रानात उभा दिसला, त्यांनी नेहमीसारखा राम राम घातला. चाळीस वर्षांत त्या रानातून उत्तर आलं नाही असं झालं नव्हतं. ऐकू गेलं नसेल म्हणून ते पुढं गेले. मंगळवारी त्यांनी हॉर्न वाजवून राम राम घातला. बुधवारी फटफटी थांबवून, तोंडाशी हात धरून घातला. सोनबा हनुवटी उचलायला तयार नाही.

बुधवारी रात्रभर ते तळमळले, आणि पहाटे त्यांना कारण सापडलं. नातीच्या साखरपुड्याला गावभर बोलावणं गेलं होतं आणि सोनबाचं घर तेवढं गडबडीत राहून गेलं होतं. गुरुवारी ते बांधावर जाऊन उभे राहिले. लांबूनच, डोकीची टोपी काढून, त्यांनी सोनबाची माफी मागितली. तुझं बोलावणं चुकलं, माझा मोठेपणा मातीत गेला, आता राग टाक, असं बरंच काही बोलले. बोलता बोलता त्यांचे डोळेही भरले. सोनबा जागचा हलला नाही. तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं, आणि त्या फिरल्या डोक्यानं ते थेट शाळेत आले.

व्हरांड्यात सर भेटले. आबासाहेबांनी त्यांना ऐकवलं, की या गावात आता माणुसकी उरली नाही, माणूस माणसाला ओळख देईना, आणि तुम्ही कसली चित्रं घेऊन बसलाय. शनिवारी खोलीचा विषय काढायचा नाही. मग सगळी हकीकत सांगितली.

दुसरा एखादा शिक्षक इथं मूग गिळून गप्प बसला असता. बुद्धघोष सरांचा चेहरा उजळला. यापेक्षा मोठी पावती कुठल्या प्रदर्शनात मिळणार होती?

"आबासाहेब, ते सोनबा तात्या नव्हेत. आमच्या छकुलीनं केलेलं बुजगावणं आहे ते."

आबासाहेबांनी खिशातला चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला.

"म्हंजी चार दिस मी बुजगावण्याला राम राम घालतुय?"

सर हो म्हणाले.

"आन् माफी बी..." एवढं बोलून ते थांबले. मग त्यांनी सरांचा हात धरला आणि ही गोष्ट या व्हरांड्याबाहेर गेली तर खोलीच काय, व्हरांडाही राहणार नाही, असं हळू आवाजात समजावलं. पण उतरणीला लागलेला राग तिथंच विरला. पोरीच्या हातात जादू हाय, असं स्वतःशीच दोनदा म्हणाले. शनिवारी समितीला आधी तेच बुजगावणं दाखवायचं असं ठरलं, आणि सरांचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी त्यांनी नव्या खोलीत कपाट कुठं ठेवायचं याचा नकाशाही काढला.

एक गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. सोनबा तात्यांना लेकीच्या घरी करमेना, म्हणून ते शुक्रवारीच परत आले. रानात येऊन बघतात तर आपली घोंगडी आणि आपलं मुंडासं घालून आपल्याच ढबीत कुणीतरी उभं आहे आणि पाखरं कणसं खाताहेत. त्यांनी बुजगावणं आडवं केलं, आपले कपडे काढून घेतले, अन् शनिवारी सकाळी ते स्वतः राखणीला त्याच जागी उभे राहिले. ऊन कोवळं होतं. काठीवर हनुवटी टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

साडेनऊला समिती आली. आबासाहेब, मागं दोन सभासद, त्यांच्यामागं नकाशा घेतलेले सर. आता आबासाहेबांना सगळं माहीत होतं, आणि माहीत असलेल्या माणसाला दम निघत नाही. चष्मा खिशातच ठेवून ते सरळ शाळवात शिरले.

"बघा," सभासदांना ते म्हणाले, "नववीतल्या पोरीचं काम हाय हे. लांबून बघणारा फसलाच पायजे." लांबून बघणारा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. हातातल्या छडीनं त्यांनी बुजगावण्याच्या पोटरीवर टकटक केली आणि आत बांबू असणार असं सांगितलं. मिशीला हात लावून ती घोड्याच्या केसाची असल्याचा निर्वाळा दिला. सभासद माना डोलवत होते. सरांची छाती फुगली होती. इतकं बारकाईनं शिल्प बघणारा अध्यक्ष आपल्या शाळेला लाभला, याचा त्यांना खरोखर अभिमान वाटला. बुजगावण्याची छाती हलतेय असं त्यांना एकदा वाटलं, पण ते त्यांनी वाऱ्याच्या माथी मारलं.

"नाक जरा चुकलंय," आबासाहेब म्हणाले. "खऱ्या सोनबाचं एवढं सरळ न्हाय. बाकी खऱ्यापेक्षा हाच शहाणा दिसतुय. खाली मडकं कुठलं घातलंय बघू." आणि त्यांनी मुंडासं उचललं.

"राम राम, आबासाहेब," बुजगावणं म्हणालं.

आबासाहेब मागं सरकले ते थेट पाटात बसले. पाटाला पाणी होतं. एक सभासद रस्त्यापर्यंत पोचलासुद्धा. सर तिथंच उभे राहिले, कारण नकाशाची गुंडाळी सोडून धरायला त्यांना दुसरं काही सापडलं नाही.

सोनबा तात्या पुरते जागे झाले होते. आपलं मुंडासं दुसऱ्याच्या हातात बघून त्यांचा चेहरा कठोर झाला. मुंडाशाला हात घालणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. सर पुढं होऊन शिल्पकला, ढब आणि नववीचा उपक्रम यांबद्दल घाईघाईनं बोलू लागले. तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आबासाहेब, मुंडाशाला हात लावलासा. आधी माफी मागा, मग बाकीचं."

आबासाहेब पाटात बसल्या बसल्याच म्हणाले, "माफी मी गुरुवारीच मागितलीया."

"कुणाची?"

"तुझी."

"गुरुवारी मी कळंबला हुतो."

 बांधाला आडव्या पडलेल्या, उघड्याबोडक्या चिपाडाच्या माणसाकडं आधी सोनबा तात्यांनी पाहिलं, मग जागेवर उरलेल्या सभासदानं पाहिलं. सगळ्यांत शेवटी आबासाहेबांनी पाहिलं.

तात्यांचे खांदे आधी हलायला लागले आणि मग आवाज फुटला. हसता हसता त्यांनी आबासाहेबांना हात देऊन वर घेतलं, मुंडासं झटकून डोक्याला बांधलं आणि विचारलं की बुजगावण्यानं माफ केलं का नाही. आबासाहेबांनाही हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साखरपुड्याचं बोलावणं राहिल्याचं त्यांनी या वेळी खऱ्या माणसापुढं कबूल केलं, आणि लग्नाचं तिथंच तोंडी दिलं.

मग त्यांनी धोतर पिळत फर्मान काढलं, की ही बत्तीसच्या बत्तीस बुजगावणी आजच्या आज मोडून टाका. छकुलीचं काम मोडायचं म्हटल्यावर तात्या अडून बसले. माझ्या नातीनं केलंय, ते मोडायचं न्हाय. दोन्ही म्हातारे पुन्हा गुरगुरायला लागले, तेव्हा बुद्धघोष सरांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी नकाशा उलगडला.

"आबासाहेब, मोडायची नाहीत आणि रस्त्यावरही ठेवायची नाहीत, तर या कलाकृतींना खोली नको का?"

आबासाहेबांनी क्षणभर विचार केला. "बरोबर हाय. दिली खोली."

अशी खोली मिळाली. ठराव झाला, मोडके बाक निघाले, दारावर 'कलादालन' अशी पाटी सरांनी स्वतःच्या हातानं रंगवून लावली. आत बत्तीस बुजगावणी दाटीवाटीनं उभी आहेत, सोनबा तात्यांचं त्यात अग्रभागी. पोरांना आत शिरायला जागा नाही. तास व्हरांड्यातच भरतो आणि वारा सुटला की मैदानात जातो.

"माणसं फसली की नाही?" सरांनी शाळेत आलेल्या अंजलीला विचारलं. फसली, ती म्हणाली, आणि व्हरांडाभर कागद गोळा करणाऱ्या नवऱ्याच्या हातात आणखी एक कागद दिला.

किल्ली अजून आबासाहेबांकडंच आहे. निदान निम्मी बुजगावणी पोरांच्या घरी पाठवावीत, असं सुचवायला सर रोज सकाळी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन नमस्कार म्हणतात. आबासाहेब चष्मा लावून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि उत्तर देत नाहीत. सरांनी दोन्ही हात हलवून दाखवल्यावर मगच देतात.

सर हलवतात. खोलीचा प्रश्न आहे.