सर, आधी तुम्ही

लिफ्ट तपासनिसांच्या घरात गिटार होती, पण ती वाजवणारी मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली होती. वसतिगृहाच्या खोलीत पलंगाखालीसुद्धा जागा नाही, असं सांगून तिने जाताना गिटार कपाटावर ठेवली, आणि घर एकदम गप्प झालं. तपासनीस कामावरून आले की हात धुवायच्या आधी कपाटावर एक नजर टाकत. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्टूल ओढलं, गिटार खाली काढली, धूळ पुसली आणि फोनवर मुलीला सांगून टाकलं, की तू सुट्टीत येशील तेव्हा मी तुला एक अख्खं गाणं वाजवून दाखवीन.



"बाबा, अख्खं?" मुलीने विचारलं. "तू पोहायला शिकलास ते कमरेएवढ्या पाण्यापर्यंत."

ती प्रेमानेच बोलली, पण तपासनिसांना ते लागलं, कारण ते खरं होतं. त्यांच्या गॅलरीचा कठडा अर्धाच रंगवलेला होता. हौसेने शिकायला घेतलेल्या एका परदेशी भाषेत त्यांना 'माझी छत्री हरवली आहे' एवढंच म्हणता येत होतं, आणि छत्री सापडली तर काय म्हणायचं, तिथवर ते पोचलेच नव्हते. बायको यावर काही बोलत नसे. तिचं ते न बोलणं त्यांना जास्त झोंबायचं. या खेपेला मात्र काहीही झालं तरी मधे सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

प्रश्न शिक्षकाचा होता. एक मिळाले, पण ते फक्त लहान मुलांना शिकवत आणि त्यांच्याकडच्या खुर्च्याही त्याच मापाच्या होत्या. दुसऱ्यांनी फोनवरच संगीतातलं तुमचं ध्येय काय म्हणून विचारलं. तपासनीस म्हणाले, सुट्टीच्या आत. त्यावर त्यांनी फोन ठेवला. मग तपासनिसांनी वाद्यांच्या दुकानदाराला गाठलं आणि कोणी घरी येऊन शिकवणारं असलं तर कळवा म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी त्याच दुकानदाराला एका चष्मेवाल्यांचाही फोन आला. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्यांनाही शिक्षकच हवा होता. पण तेव्हा दुकानात कोणीतरी ड्रम वाजवून बघत होतं. संध्याकाळी दुकानदाराच्या डोक्यात एवढंच उरलं, की एकाला शिकायचंय आणि एकाला शिकवायचंय. कोणाला काय, ते काही आठवेना. दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा फोन करून विचारलं असतं. हा पडला आत्मविश्वासाचा माणूस. त्याने याचा नंबर त्याला दिला, त्याचा याला दिला. आपसात बघून घेतील म्हणाला. वर दोघांनाही बजावलं, की माणूस गुणी आहे पण भारी संकोची, स्वतःच्या तोंडाने काही सांगायचा नाही, तुम्हीच त्यांच्या कलाने घ्या. हे तो सगळ्यांबद्दलच सांगायचा.

रविवारी सकाळी चष्मेवाले पाठीवर नवीकोरी गिटार अडकवून तपासनिसांच्या दारात उभे राहिले. ते सरांच्या घरी आले होते, आणि तपासनिसांच्या घरी सर आले होते. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. समोरासमोर खुर्च्या मांडल्या, गिटारी मांडीवर घेतल्या आणि दोघेही वाट बघत बसले.

"सर, सुरू करा," तपासनीस म्हणाले.

"छे छे सर, आधी तुम्ही," चष्मेवाले म्हणाले.

एवढा मोठा माणूस आपल्याला सर म्हणतो, हे बघून दोघांनाही भरून आलं. तपासनिसांनी धीर करून एक तार छेडली, मग दुसरी. त्यातून जे काही निघालं ते ऐकून चष्मेवाल्यांनी मान तिरकी केली आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना ते दिवसभर जे विचारत, तेच सवयीने विचारलं.

"हे बरं वाटतंय, की आधीचं?"

तपासनीस थक्क झाले. आजवरच्या सगळ्या शिक्षकांनी त्यांना चुकलं एवढंच सांगितलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं. ते विचार करून म्हणाले, आधीचं. मग तेच ठेवा, असं चष्मेवाल्यांनी सांगितलं.

मग चष्मेवाल्यांनी वाजवलं. तपासनिसांनी डोळे मिटले आणि कान पुढे केला. लिफ्ट वरखाली होताना दोर कुठे घासतो ते हेरण्यात त्यांची उमर गेली होती. "मधे कुठेतरी घासतंय," ते म्हणाले. "पुन्हा एकदा वर न्या, सावकाश खाली आणा." चष्मेवाल्यांनी बोटं गिटारीच्या दांडीवरून वर नेली, खाली आणली, आणि खरंच त्यांचं एक बोट शेजारच्या तारेला घासत होतं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, की कान असावा तर आमच्या सरांसारखा.

पुढच्या खेपेला सुरात लावायच्या नादात तपासनिसांनी एक खुंटी जरा जास्तच पिळली आणि तार फाडकन तुटली. तपासनिसांचा चेहरा उतरला, तर चष्मेवाले मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. शिष्याची भीती मोडायची म्हणून सरांनी स्वतःची तार तोडली, असा त्यांनी अर्थ लावला. एकदा फीचाही विषय निघाला. फीचं कसं करायचं, असं तपासनिसांनी विचारलं. चष्मेवाले म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. तपासनीस म्हणाले, नाही नाही, तुम्ही म्हणाल तसं. तो विषय तिथेच अडला तो अडलाच.

सरांपुढे शोभा नको म्हणून दोघेही आठवडाभर आपापल्या घरी दार लावून मोबाईलवर गिटारीचे धडे बघायचे. एका डॉक्टरचं औषध चालू असताना दुसऱ्याचं गुपचूप घ्यावं, तसा तो प्रकार होता. रविवारी मात्र दोघांनाही वाटायचं, की हे सगळं सरांमुळे येतंय. तपासनिसांच्या बायकोला चहा देता देता वेगळंच दिसत होतं.

"अहो, तुमचे सर तुमच्याइतकेच चुकतात," ती एकदा म्हणाली.

"ते मुद्दाम. शिकणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून."

"मग फारच कष्ट घेतात बिचारे," असं म्हणून ती कप घेऊन आत गेली.

मधे तपासनिसांना व्हायचं तेच झालं. बोटांची टोकं सोलवटली, गाणं एका जागी रुतलं, आणि आज सरांना नाही सांगून टाकू असं त्यांनी ठरवलं. पण दार उघडलं तर सर पाठीवर गिटार घेऊन भर उन्हात घामाघूम उभे. अशा माणसाला नाही कसं म्हणणार? त्या दिवशी चष्मेवालेही नाही सांगायलाच आले होते. आत सरांनी मांडून ठेवलेल्या खुर्च्या बघितल्या आणि त्यांचीही जीभ रेटेना. दोघेही मुकाट्याने वाजवायला बसले, आणि रुतलेलं गाणं नेमकं त्याच दिवशी पुढे सरकलं.

गाणं तसं साधंच होतं. मुलगी लहान असताना दात घासत गुणगुणायची, ती चाल. सुट्टीत ती घरी आली तोवर दोघांना ते बऱ्यापैकी बसलं होतं. रविवारी ती जमिनीवर उशी घेऊन ऐकायला बसली. पहिलं कडवं नीट वाजलं. मुलगी आधी हसली, मग कोड्यात पडल्यासारखी दोघांच्या बोटांकडे बघत राहिली.

"थांबा जरा. छान आहे," ती म्हणाली, "पण यात कोण कोणाला शिकवतं?"

"हे माझे सर," दोघेही एकदमच म्हणाले आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

बोटं बराच वेळ तशीच राहिली. मग तुम्ही शिकायला येत होतात का, मला वाटलं तुम्ही शिकवताय, दुकानदार तर म्हणाला होता, असं सगळं एकात एक बोलून झालं. तपासनिसांची बायको दारातून ऐकत होती. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

"मग आपल्याला शिकवलं कोणी?" तपासनिसांनी विचारलं.

 दोघांनी पुन्हा वाजवून बघितलं, तर काही केल्या वाजेना. इतका वेळ जी बोटं आपसूक जागेवर जात होती, ती आता एकमेकांत अडखळायला लागली. शिकवलेलंच नाही म्हटल्यावर यायचं कसं? चष्मेवाल्यांनी पडेल चेहऱ्याने गिटार कव्हरमध्ये घातली आणि चेन ओढायला घेतली.

"असू दे बाबा," मुलगी हळूच म्हणाली. "एवढं तरी आलं ना."

ते 'एवढं तरी' तपासनिसांच्या जिव्हारी लागलं. तसं त्यांना सोडून द्यायची सवय होती, पण या वेळी मुलगी समोर होती, आणि दाराकडे निघालेल्या या माणसाशिवाय पुढचे रविवार कसे जातील तेही त्यांना दिसत होतं.

"सर, बसा," ते म्हणाले.

"मी सर नाही. आता कळलंय ना तुम्हाला."

"कळलंय. तरी बसा. मला दुसऱ्या कोणाबरोबर येत नाही."

चष्मेवाले घुटमळले. त्यांनी मुलीकडे बघितलं, तपासनिसांकडे बघितलं, आणि चेन परत खाली ओढली. "मग आधी तुम्ही, सर," ते खुर्चीत बसत म्हणाले, आणि त्या एका शब्दासरशी बोटांना आपली जागा आठवली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. जिथे नेहमी रुतायचं ती जागाही मागे पडली आणि गाणं शेवटाला आलं.

पण शेवट कसा करायचा, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. दर रविवारी चहा यायचा आणि गाणं जिथे असेल तिथे थांबायचं. सरांच्या आधी आपण थांबणं बरं दिसत नाही म्हणून तपासनीस वाजवत राहिले. त्याच कारणाने चष्मेवालेही. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मुलीने पहिल्या खेपेला टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या खेपेला ती बरोबर गुणगुणली, तिसऱ्या खेपेला उठून बॅग रिकामी करायला गेली. बायकोने चहावर बश्या झाकून ठेवल्या.

"बाबा, झालं की अख्खं," मुलगी आतून म्हणाली. "थांब ना आता."

"सर थांबले की थांबतो," तपासनीस मान वर न करता म्हणाले. हातातलं काम मधे सोडणं त्यांना आज पहिल्यांदाच जमत नव्हतं.