डबी उभी राहीना

साबण कारखान्याच्या मालकांनी नवी डबी टेबलावर ठेवली, ती घरंगळली आणि समोर बसलेल्या डिझायनरच्या मांडीत पडली. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. ती पुन्हा मांडीत. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मालक म्हणाले, "हे असं सगळ्या दुकानांत चाललंय."

डबी देखणी होती, त्यात वाद नाही. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आकार, पांढराशुभ्र रंग, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत साबणाचं नाव. तीन महिने पठ्ठ्या त्या आकारावर झटत होता. त्या तीन महिन्यांत एकदा दुकानात डोकवावं, फळी कशी असते ते बघावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. कलावंत माणूस, त्याला फळीशी काय करायचंय? आता दुकानदार माल परत पाठवू लागले, तर हा म्हणतो, त्यांच्या फळ्याच चुकीच्या आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "उद्या कुठल्याही दुकानात उभा राहा आणि संध्याकाळपर्यंत एक खोकं विकून दाखव. नाही विकलंस, तर परवापासून येऊ नकोस."

कुठलंही दुकान म्हटल्यावर त्याला आत्याच आठवणार. कोपऱ्यावरचं छोटं दुकान ती तीस वर्षं एकटी चालवत होती. भाचा खोकं घेऊन आलेला बघून तिने काही न विचारता एक फळी रिकामी करून दिली.

त्याने डब्यांची सुरेख उतरंड रचली. ती ढासळली. एक डबी दारातून बाहेर पडली आणि उताराने निघाली. तो तिच्या मागे धावला. तिला पकडून आणेपर्यंत उरलेल्या सगळ्या डब्या दुकानभर पसरल्या होत्या आणि एक आजोबा कपाटाला धरून एका पायावर उभे होते. आत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

गिऱ्हाइकं काही कमी आली नाहीत. पण एकाने विचारलं, हा बल्ब आहे का. एका बाईंनी डबी कानाशी हलवून पाहिली आणि परत ठेवली. तिसऱ्याला मात्र याने नीट समजावून सांगायला घेतलं, की डबीवरच्या मोकळ्या जागेला श्वास घेऊ द्यावा लागतो. तो माणूस हळूच निघून गेला.

"अरे, त्यांना अंघोळ करायचीय," आत्या म्हणाली. "तू श्वासाचं काय सांगत बसलायस?"

दुपारपर्यंत दोन डब्या खपल्या. त्यातली एक आत्यानेच घेतली होती, दयेपोटी. आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. नोकरी गेली तर बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचाराने तो पोत्यावर बसून राहिला.

आत्याने मागून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले आणि एकेका खळग्यात एकेक डबी बसवली. एकही हलली नाही. मग एक पुठ्ठा त्याच्यासमोर टाकला. "माल उभा राहिला पाहिजे, आणि तो काय आहे ते रस्त्यावरून कळलं पाहिजे. लिही, साबण."

त्याने नाजूक अक्षरांत लिहिलं. आत्या म्हणाली, मोठं. त्याने थोडं मोठं केलं. ती म्हणाली, अजून. शेवटी त्याने दात-ओठ खात असली धटिंगण अक्षरं काढली, की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पुठ्ठा दाराशी लागला आणि संध्याकाळच्या आत खोकं रिकामं झालं. त्याला हायसंही वाटलं आणि अपमानही झाला.

मालक स्वतः बघायला आले. ट्रे बघितले, पुठ्ठा बघितला आणि आत्याला हात जोडले. मग याच्याकडे वळून म्हणाले, "यापुढे तुझं कुठलंही काम आत्याबाईंच्या सहीशिवाय छापायला जाणार नाही. ही डबी बदल. त्यांनी सही केली तर राहा, नाही तर घरी बस."

झालं, माणूस पार बदलला. खिशात मोजपट्टी घेऊन दुकानं पालथी घालू लागला. खोक्यात किती मावतात, ट्रकमध्ये किती खोकी बसतात, सगळं विचारून आला. घरातल्या फळ्या मोजता मोजता बायकोच्या दोन बरण्या फोडल्या.

महिन्याभराने त्याने नवी डबी आत्यापुढे ठेवली. चौकोनी, सपाट, सहाही बाजूंना तीच धटिंगण अक्षरं. दहा डब्या एकावर एक रचून त्याने फळीला धक्का दिला. एकही पडली नाही. त्याने ऐटीत पेन पुढे केलं.

आत्याने डबी फिरवून फिरवून बघितली. "रचता येते. लांबून कळते. खोक्यात जागा वाया जात नाही."

"मग कर ना सही."

आत्याने पेन तसंच परत दिलं. "करते रे. पण तुला चित्रं काढता येतात ना? मग जरा देखणी कर की."