दोघांचा वीकएंड, चौघांची गाडी

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये उपेंद्र आणि रंजनी यांचं एकही वाक्य दोघांतल्या दोघांत पुरं होत नसे. उपेंद्रने स्वयंपाकघरात हलक्या आवाजात "रंजनी, आज तू फार..." अशी सुरुवात करावी, आणि हॉलमधून सासऱ्यांनी "फार काय? दमली? तिला लिंबाचें सरबत द्या, माप्पिळ्ळै!" असं म्हणून ते वाक्य तडीस न्यावं, अशी पद्धतच पडून गेली होती. माप्पिळ्ळै म्हणजे जावई. उपेंद्रला स्वतःचं नाव आता फक्त ऑफिसात ऐकू येई.

सासरे सेतुमाधवराव तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून ते लेकीकडे चेन्नईला आले होते. डोळा केव्हाच बरा झाला. इतका बरा झाला, की आता त्यातून काही सुटत नसे. सासूबाई अलमेलू त्यांच्या सोबतीला आल्या होत्या. त्यांचं मुळात काहीच बिघडलेलं नव्हतं, त्यामुळे बरं होऊन परत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

माणसं वाईट होती म्हणावं, तर तेही नाही, आणि खरी पंचाईत तीच होती. जावई नाशिकचा, त्याला आमटीत गूळ लागतो, हे कळल्यापासून सासूबाई त्याचं सांबार वेगळ्या पातेल्यात करीत. सासरे रोज सकाळी त्याच्या हेल्मेटची काच पुसून ठेवीत. अशा माणसांना "जरा चार दिवस कुठे जाऊन या" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून उपेंद्रने ठरवलं, की आपण दोघांनीच जायचं.

जागाही झकास सापडली. पुदुच्चेरीच्या हद्दीत लावण्या नावाच्या एका बाईंचं शेत होतं. बाईंनी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून वांगी लावली होती. राहायला झावळ्यांच्या छपराची कुटिरं. आपण आपल्या हातांनी भाजी खुडायची, ती शेफने आपल्यासमोर शिजवायची आणि शनिवारी संध्याकाळी आंब्याखाली बसून वाइन चाखायची.

"नाशिकचा ना तू? वाइन कधी प्यायलास?" रंजनीने विचारलं.

"नाशिकला असताना घरचे होते."

"आणि आता?"

"आता तुझे घरचे आहेत. म्हणून तर पुदुच्चेरीला जायचं."

हे सारं संभाषण व्हॉट्सअॅपवर झालं. कारण त्या वेळी दोघं एकाच सोफ्यावर बसली होती आणि मध्ये सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"अप्पांना तू सांग," रंजनीने शेवटी लिहिलं. "आणि नीट सांग. आमच्याकडे मोठ्यांना असं उभ्या उभ्या सांगत नाहीत."

नीट म्हणजे कसं, हे तिने लिहिलं नाही. उपेंद्रने ते ऑफिसात शेजारी बसणाऱ्या कार्तिकला विचारलं. कार्तिक पक्का मैलापूरचा, म्हणजे जुन्या चेन्नईतला. "त्यात काय आहे?" तो म्हणाला. "एका ताटात विड्याची पानं, सुपारी, केळी, हळद-कुंकू ठेवायचं. ताट त्यांच्यापुढे धरायचं, नमस्कार करायचा. माझा भाऊ सिंगापूरला गेला तेव्हा त्याने असंच केलं. आजी रडली, पण आशीर्वाद दिला."

सल्ला चोख होता. बिघडला तो उपेंद्रने त्यात घातलेल्या स्वतःच्या भरीमुळे. त्याला वाटलं, नुसता नमस्कार करून गप्प कसं राहायचं? म्हणून त्याने बुकिंगचा कागद छापून घेतला, तो केळ्यांवर ठेवला, आणि वाकून नमस्कार केल्यावर ठणठणीत आवाजात वाचून दाखवला. दिवस कोणता, निघायचं किती वाजता, ठिकाण कोणतं, जेवणाची व्यवस्था काय.

सेतुमाधवरावांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अलमेलू!" त्यांनी हाक मारली. "सगळें सोडून इकडे ये. माप्पिळ्ळै ताट घेऊन आले!"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. दोघांनी मिळून ताटाला हात लावला. सासूबाईंनी कुंकू लावून घेतलं. उपेंद्रला भरून आलं. किती समजूतदार माणसं!

संध्याकाळी रंजनी एग्मोरच्या बँकेतून घरी आली तेव्हा घरभर चिंचेचा आणि तिळाच्या तेलाचा वास भरला होता. मोठ्या पातेल्यात प्रवासाचा चिंचेचा भात होत होता, आणि सेतुमाधवराव आपलं जरीकाठी धोतर उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात धरून बसले होते. तिने नवऱ्याला गॅलरीत ओढलं.

"काय केलंस तू?"

"सांगितलं."

"कसं?"

उपेंद्रने अभिमानाने सगळं सांगितलं. रंजनी वाळत घातलेल्या टॉवेलला धरून उभी राहिली.

"ताट होतं?"

"होतं."

"पानं, सुपारी, केळी, कुंकू, सगळं?"

"सगळं."

"आणि वर दिवस, वेळ, जागा वाचलीस?"

"मोठ्याने. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून."

"उपेंद्र, ते सांगणं नव्हे, ते बोलावणं! आमच्याकडे लग्नाला असंच बोलावतात. माझ्या आत्याच्या लग्नाला तर नुसती सुपारीच होती, तू केळ्यांचा घड ठेवलास!"

"मग आता त्यांना सांगू, की गैरसमज..."

"ताट स्वीकारल्यावर? आता ते नाही म्हणू शकत नाहीत आणि तू तर मुळीच नाही."

आतून सेतुमाधवरावांचा फोनवरचा आवाज येत होता. पलीकडे तंजावूरचं कोणीतरी होतं. "नाही हो, आम्ही नको म्हणत होतों. पण माप्पिळ्ळैंनीं इतक्या मानानें बोलाविलें... मुलगा असता तर त्यानें केलें असतें का, सांगा!"

उपेंद्रने खाली पार्किंगमध्ये जाऊन लावण्याला फोन केला. आणखी एक कुटीर मिळेल का? सगळी भरली होती. "पण ट्रॅक्टरच्या शेडवर माळा आहे," लावण्या म्हणाली. "शिडीने चढायचं. दोघं झोपू शकतात. वारा छान येतो." सासूबाईंना शिडी जमणार नव्हती. लेकीने ट्रॅक्टरच्या डोक्यावर झोपावं हे सेतुमाधवरावांना पटणार नव्हतं. तेव्हा दोघांसाठी सजवलेल्या कुटिरात मायलेकी आणि माळ्यावर सासरा-जावई, ही वाटणी कोणी न करताच होऊन गेली.

शनिवारी सकाळी सगळे पाहुणे टोपल्या घेऊन शेतात उतरले. बेंगळुरूची काही जोडपी होती, ती वांग्यांबरोबर स्वतःचे फोटो काढत होती. अलमेलू वांग्यांशी बोलत होत्या. हे नको, ते उद्या, याचं देठ बघा कसं आहे, असं करत त्यांनी टोपली भरली आणि मोठ्या विश्वासाने शेफच्या हवाली केली. मुरली शेफ परदेशात शिकून आलेला. दुपारी त्याने प्रत्येकापुढे एक भलीमोठी पांढरी बशी ठेवली. बशीच्या मधोमध काळसर असं काहीतरी होतं, आणि शेजारी हिरव्या चटणीची एक रेघ.

"हें काय, मा?" सासूबाईंनी लेकीला विचारलं. "नैवेद्य?"

"अम्मा, हा पहिला कोर्स आहे. वांगं निखाऱ्यावर धरलंय."

सासूबाईंनी ते चमच्याने उलटून पाहिलं. त्या घरचा चिंचेचा भात खाणार होत्या, त्यामुळे त्यांना राग यायचं कारण नव्हतं. पण त्यांचा आवाज कापत होता. "इतकें कोवळें वांगें! यानें कोणाचें काय बिघडविलें होतें?"

त्या उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मुरली आधी हाताची घडी घालून दारात उभा राहिला. मग आत गेला. थोड्या वेळाने आतून नारळ खवल्याचा आवाज येऊ लागला, आणि खवणीवर मुरली होता. मग आली ती वांग्याची रस्सा-भाजी, ताज्या अळूचं पातळ, आणि शेतातल्याच केळफुलाची उसळ. बेंगळुरूच्या मंडळींनी फोटो काढले नाहीत, कारण त्यांचे हात भरले होते. लावण्याने दोनदा भात मागून घेतला आणि तिसऱ्यांदा स्वतः उठून वाढून घेतला.

उपेंद्रने या धामधुमीत रंजनीला केळीच्या बागेत गाठलं. "ऐक ना, संध्याकाळी वाइनच्या वेळी आपण दोघं पलीकडच्या बाकावर..."

"पलीकडे डांस आहेत, माप्पिळ्ळै," केळीमागून आवाज आला. सेतुमाधवराव फेरफटका मारत होते. "आंब्याखालींच बसूं. मीहि येतों. पाहूं तरी काय असतें तें."

संध्याकाळी आंब्याखाली टेबल मांडलं गेलं. सेतुमाधवरावांनी आपली खुर्ची अशी घेतली, की समोर जावई येईल. रंजनी आईशेजारी शहाळं घेऊन बसली होती. लावण्या समजावून सांगत होती. आधी पेला असा फिरवायचा, मग वास घ्यायचा. ही गुलाबी वाइन नेहमी थंडगारच घ्यायची, कोमट झाली की मेली. घोट तोंडात घोळवायचा. "आणि गिळायची नसेल," ती म्हणाली, "तर हे तांब्याचं भांडं आहे. मोठमोठे जाणकारही यात थुंकतात."

एवढ्या दिवसांची तपश्चर्या उपेंद्रच्या तोंडात थंडगार घोळत होती. डोळे मिटून तो ती गिळणार, तोच समोरून आलं, "माप्पिळ्ळै?"

त्याने डोळे उघडले. सेतुमाधवराव त्याच्याकडे पाहत होते. रागाने नव्हे, काळजीने, आणि ते जास्त वाईट होतं. उपेंद्रने गाल फुगवलेल्या अवस्थेत एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा भांड्याकडे पाहिलं, आणि थुंकला.

सेतुमाधवराव टाळी वाजवून उठले. "पाहिलें?" ते बेंगळुरूच्या मंडळींना इंग्रजीत सांगू लागले. "यजमानीण बाईचा मान राखायला तोंडांत घेतली, पण थेंब घशाखालीं जाऊं दिला नाही! याला म्हणतात संस्कार. माझा जावई." मग त्यांनी स्वतः दुसरा पेला उपेंद्रच्या हातात दिला. "घ्या, हाहि थुंका."

त्या संध्याकाळी उपेंद्रने मांडलेली प्रत्येक वाइन थुंकली. बेंगळुरूच्या एकाने त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही या व्यवसायात आहात का. रंजनीला हसून हसून उचकी लागली, आणि सासूबाईंनी तिला पाणी पाजताना जावयाकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की त्याला पुढे कित्येक वर्षं काही पिता येणार नाही याची खात्री झाली. माळ्यावर सेतुमाधवरावांना झोप छान लागली. वारा खरोखरच छान येत होता.

रविवारी निघायची वेळ झाली तेव्हा लावण्या हात जोडून उभी होती. सोमवारपासून एका कंपनीची माणसं शेतावर राहायला येणार होती. "अम्मा आठवडाभर राहिल्या तर?" ती म्हणाली. "मुरलीला शिकायचं आहे." मुरली मागे उभा राहून मान हलवत होता. त्याच्या हातात अजून खवणी होती.

"शक्यच नाही," सासूबाई म्हणाल्या. "या दोघांना खायला कोण घालील?"

उपेंद्रने बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. कुठलंही वाक्य तोंडातून निघालं तरी ते आनंदाचंच वाटलं असतं.

"अलमेलू, राहूं या," सेतुमाधवराव शांतपणे म्हणाले. "मुलीनें हात जोडले आहेत. आणि त्या कुटिरांतली गादी तूं मला दाखविलीसच नाही." मग ते जावयाकडे वळले. "तुम्हांला ऑफिस आहे. तुम्ही निघा. टोपली मीं गाडींत मागें ठेवली आहे. वांगीं आहेत. वाटेंत उघडूं नका, घरीं जाऊन काढा."

परतीच्या वाटेवर दोघं आळीपाळीने मागच्या रिकाम्या सीटकडे वळून पाहत होती. सवय नव्हती. पेरुंगुडीला पोचून दार उघडलं, तर घर एवढं मोठं असेल असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नव्हतं. रंजनी सोफ्याच्या बरोबर मध्यभागी, आईच्या जागेवर, बसून आली. उपेंद्रने टोपली ओट्यावर रिकामी केली. वांग्यांच्या तळाशी ओल्या गोणपाटात गुंडाळून वर घट्ट गाठ मारलेली, बर्फाच्या पिशवीला टेकवलेली गुलाबी वाइनची बाटली होती.

"लावण्याने ठेवली असेल," उपेंद्र म्हणाला.

"असेल," रंजनी म्हणाली. "पण ही गाठ लावण्याची नाही."

बूच काढायचं साधन घरात असण्याचं कारणच नव्हतं. उपेंद्रने स्क्रू-ड्रायव्हर लावला, आणि बूच बाहेर येण्याऐवजी भुगा होऊन आत पडलं. गाळणं मोठ्या भोकांचं निघालं. शेवटी रंजनीने आईचा पितळी कॉफी-फिल्टर काढला, त्याच्या वरच्या भांड्यात वाइन ओतली, झाकण लावलं आणि ते बर्फात उभं केलं. खालच्या भांड्यात कॉफीच्या डिकॉक्शनसारखे थेंब पडू लागले. अगदी सावकाश. दोघं ओट्याला टेकून, खांद्याला खांदा लावून, ते थेंब पाहत राहिली.

"रंजनी," उपेंद्र हलक्या आवाजात म्हणाला, "आज तू फार सुंदर दिसतेस."

वाक्य पुरं झालं. ते इतक्या दिवसांनी पुरं झालं, की पुढे काय म्हणायचं ते दोघांनाही सुचेना. तेवढ्यात रंजनीचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर सासूबाई होत्या, आणि त्यांच्या मागे कुटिरातल्या त्या मऊ गादीवर आडवे झालेले सेतुमाधवराव.

"पोचलां का? जेवलां का? काय करतां?"

"काही नाही अम्मा. कॉफी करतोय," रंजनी म्हणाली, आणि घाईघाईत तिने खालचं भांडं उचललं. तेच चुकलं.

"या वेळेस कॉफी?" सासूबाई पडद्याला नाक लावून पाहू लागल्या. "आणि डिकॉक्शन गुलाबी कशी, मा?"

पलीकडे गादी करकरली.

"फोन ठेव, अलमेलू," सेतुमाधवरावांचा आवाज आला. "त्यांची कॉफी गरम होईल."