सशिणीच्या दाराची आगळ

मुलांनो, हाताची घडी घालून बसा. एका जंगलात सगळ्यांचं भाषेवर फार प्रेम होतं. घात तिथेच झाला.

त्या जंगलात ठकूबाई नावाची सशीण राहायची. तिला तीन पिल्लं होती आणि बिळाला दार होतं. दार आतून बंद करायला मात्र काही नव्हतं. वाऱ्यानंसुद्धा ते उघडायचं, मग कोल्ह्याची काय कथा. म्हणून ती ठोकेमास्तरांकडे, म्हणजे सुतारपक्ष्याकडे गेली. दारामागे आडवं टाकायला एक दांडकं करून द्या, म्हणाली.

ठोकेमास्तरांच्या घराण्यात एक रिवाज होता. वस्तूचं नाव ठरल्याशिवाय लाकडाला चोच लावायची नाही.

"म्हणजे अडसर ना?" त्यांनी विचारलं.

ठकूबाईच्या माहेरी त्याला आगळ म्हणत. शेजारचं साळिंदर म्हणालं, छे, अडणा. माकडानं खीळ म्हटलं, कारण त्यालाही काहीतरी म्हणायचंच होतं.

झालं. वडाखाली शब्दनिर्णय समिती बसली. अध्यक्ष झाले कोल्होपंत. त्यांच्याइतका गोड बोलणारा जंगलात दुसरा नव्हता, आणि दारांच्या विषयात त्यांना पहिल्यापासूनच रस होता.

साळिंदर रुसलं. माकडानं भाषण केलं. ठोकेमास्तरांना शाल मिळाली आणि ती पांघरल्यावर त्यांना लाकूडकाम हलकं वाटू लागलं. ठकूबाई रोज येऊन सांगायची, काहीही म्हणा, पण करून द्या. सगळे तिची कीव करायचे.

शेवटच्या बैठकीला कोल्होपंतांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. माहेरची साक्ष हवी होती म्हणे. ती बोलायला उभी राहिली, तेव्हा अध्यक्ष जरा पाय मोकळे करून येतो म्हणून उठले. परत आले ते मिशा पुसत. आल्या आल्या त्यांनी 'आगळ' मंजूर केली. टाळ्या पडल्या. आता काम होणार म्हणून बिचारी हसत घरी गेली.

ती लगेच परत आली. कोल्होपंतांकडे बघून ती म्हणाली, "यांनी माझी पिल्लं खाल्ली."

वाईट वाटलं हो सगळ्यांना. मग कोल्होपंत हळूच म्हणाले, "'खाल्ली' हा शब्द जरा उग्र आहे. याला दुसरे शब्द कोणते आहेत?"

साळिंदरानं लगेच हात वर केला.

तात्पर्य: दाराला आगळ नसली तरी चालतं, मुलांनो, पण आगळीला चार समानार्थी शब्द हवेत. पिल्लं काय, पुन्हा होतात. इतका रसिक अध्यक्ष पुन्हा मिळत नाही.