शून्य पौंडांची काहील

साहेब, माझी काहील तुम्ही खाल्लीत!

तुमचं नाव मला ठाऊक नाही. कैरोत कितव्या मजल्यावर बसता, तेही नाही. पण ‘तीन कारागिरांचे तीन बंद लिफाफे आणा, ज्याची किंमत सगळ्यात कमी त्याचीच वस्तू मंजूर’ हा नियम ज्या हातानं लिहिला, त्याच हातानं माझी काहील उचलून तोंडात टाकली. वर मला शाबासकी पाठवली!

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला नीट सांगते. मल्लवीच्या अलीकडच्या गावात माझं उसाचं गुऱ्हाळ आहे. अबू रेदा, म्हणजे आमचे मालक, गेल्यापासून मीच, उम्म रेदा, चालवते. आम्ही काकवी करतो. काळी, दाट, तिळाच्या लगद्यात कालवून भाकरीशी खावी अशी. चरक धडधाकट आहे. आजारी आहे ती काहील. रस आटवायची ही एकुलती एक कढई, आणि तिच्या तळाला पंज्याएवढं भोक! गेल्या हंगामात त्यावर ठिगळ ठोकलं, ठिगळावर ठिगळ ठोकलं, तरी अर्धी काकवी चुलीनंच प्यायली. यंदा ऊस पुन्हा शेतात उभा राहिला. काहील नाही तर हंगाम नाही, हंगाम नाही तर गुऱ्हाळाला कुलूप.

म्हणून कैरोच्या सरकारी निधीकडे अनुदानाचा अर्ज केला. आणि तो स्वतः लिहिला! गावातले बाकीचे मिन्या शहरात जाऊन एका टायवाल्याला पैसे देऊन लिहून घेतात. तो सगळ्यांच्या अर्जात ‘शाश्वत’ हा शब्द पेरतो, कोंबड्यांच्या अर्जातसुद्धा. मी चौथीत शाळा सोडलेली. लिहायला शिकले ती पाटबंधाऱ्याच्या लोकांशी भांडणाचे अर्ज खरडून. मी सरळ लिहिलं: भोक एवढं, गळती एवढी, चूल जी काकवी पिते ती विकली तर एवढे येतील, त्यातून दोन बायकांची मजुरी सुटेल. पहिल्या फटक्यात पास! ‘उम्म रेदाला कुणाचा टाय लागत नाही,’ हे मी अख्ख्या गल्लीला ऐकवून आले.

“फक्त एक औपचारिकता उरली, सित्त,” मिन्याच्या कचेरीतले वगदीसाहेब म्हणाले. तरुण माणूस, खिशाला दोन पेनं, बाईला अदबीनं ‘सित्त’ म्हणणारा. “तीन लिफाफे. बंदच हवेत. तुम्हीसुद्धा उघडायचे नाहीत.”

आता आमच्याकडे किंमत कशी ठरते ते ऐका. तुम्ही विचारता, कितीला? दुकानदार म्हणतो, ‘तुमच्याकडून पैसे? न्या तशीच!’ तुम्ही म्हणता, अल्लाशपथ नाही. तो शपथ घालतो, तुम्ही शपथ घालता. तिसऱ्या खेपेला तो मान खाली घालून, घरातल्या उपवर पोरीचं वय सांगावं तसा हळूच आकडा सांगतो. मग तुम्ही किंचाळता आणि खरा व्यवहार सुरू होतो. फुकट कुणी काही नेलंय असं आमच्या गावात कधी घडलेलं नाही. पहिल्याच दमात जो आकडा सांगतो, तो एकतर परका असतो नाहीतर त्यानं तुमच्यावर खटला भरलेला असतो.

मी आधी उस्ता बखीतकडे गेले. मालकांचा मावसभाऊ; उस्ता म्हणजे कारागीर, आणि पत्र्याच्या कामात याचा हात सोन्याचा.

“किंमत लिहून दे, उस्ता.”

“मी? तुला? कागदावर?” हातोडी त्याच्या हातातून पडली. “कैरोतली माणसं वाचतील, की बखीतनं भावाच्या विधवेकडे पैसे मागितले!”

“अरे, ती सरकारी रीत आहे. लिही काहीतरी!”

“लिहितो,” तो म्हणाला. लिहिलं, थुंकी लावून लिफाफा चिकटवला, वर अंगठाही दाबला.

दुसरा हाजी शहाता. बखीतच्या दुकानासमोरच त्याचं दुकान. दोघांत बोलणं नाही, पण एकमेकांची खबर न घेता घास उतरत नाही.

“बखीतनं काय लिहिलं?” त्यानं आधी हेच विचारलं.

“मला काय ठाऊक? लिफाफा बंद आहे.”

“लिफाफा बंद असेल, त्याचं तोंड कुठं बंद आहे! काल कहवाखान्यात छाती काढून बसला होता. आण कागद! उम्म रेदा, बघच आता!”

मला वाटलं, बखीतनं किंमत पाडली, आता हा आणखी पाडणार. मनात म्हटलं, झुंजा रे बाबांनो, माझंच भलं!

तिसरा लिफाफा मिन्याच्या दुकानातून आणला. दुकानदारानं मला बसासुद्धा म्हटलं नाही.

लिफाफे उघडायच्या दिवशी दोघे उस्ता इस्त्रीचे पायघोळ झगे घालून हजर. वगदीसाहेबांनी पहिला फोडला.

“उस्ता बखीत. पोलादी काहील एक. किंमत...” ते थांबले. कागद उलटा करून पाहिला. “‘किंमत कसली? उम्म रेदा माझी भावजय. भावजयीकडून बखीत पैसे घेत नाही.’”

बखीत छताकडे बघत मिशीला पीळ देत होता.

“हाजी शहाता. ‘काहील फुकट. झारा फुकट. ढवळायचा पळा फुकट. गाढवगाडीचं भाडं माझ्याकडून.’”

“झारा?” बखीत उठला. “लिहा साहेब, मी चूल बांधून देतो!”

“उघडल्यावर बदल चालत नाही.”

“मग हेही लिहून ठेवा, की हा माणूस देणार नाही! हा सावलीचंसुद्धा भाडं लावतो!”

शहातानं टेबलावर हात आपटला. “एक पौंड जरी घेतला, तर माझ्या बायकोला तलाक!”

आमच्याकडे चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरूनही पुरुष ही शपथ घेतात. पण ती चहाच्या टपरीवर. इथं कोपऱ्यात एक पोरगी बसून सगळं संगणकात उतरवत होती!

तिसऱ्यात छापील आकडा होता. ऐंशी हजार.

“वगदीसाहेब,” मी म्हटलं, “अहो, ही बोलायची रीत आहे! किंमत याच्या पुढं सुरू होते.”

“रीतीसाठी रकाना नाही, सित्त.”

“ते म्हणतात तसं, पण तसं नसतं!”

“म्हणजे दोघांनी खोटं लिहून दिलं? मग दोघं काळ्या यादीत आणि तुमचा अर्ज रद्द.”

मी गप्प बसले. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा लग्नात बसले होते.

निकाल लागला. ऐंशी हजार अवाजवी. बखीत दुसरा, त्याचा झारा नव्हता. शहाता विजयी! काहिलीची किंमत शून्य, म्हणून अनुदानही शून्य. “शंभर टक्के बचत!” वगदीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. “आपल्या जिल्ह्यात असं आजवर झालेलं नाही!”

मी थेट शहाताच्या दुकानात गेले. म्हटलं, हाजी, माझ्याकडे एकरकमी नाहीत, पण दर हंगामाला थोडे थोडे देते. तो नको म्हणाला. मी शपथ घातली. तो नको म्हणाला. मी पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला त्यानं सवयीनं मान खाली घातली, तोंड उघडलं... आणि समोर बखीत हुक्का ओढत आमच्याकडेच बघत होता. तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दारात शहाताची बायको, उम्म नगाह. हातात म्हशीचं दावं.

“घे! हीसुद्धा ने!”

“अगं बाई, काय झालं?”

“पत्रा आणायला हिला विकायला निघालाय! तुझ्याकडून पैसे घेतले तर मला तलाक, नाही घेतले तर म्हैस जाते. तीस वर्षं संसार केला, आणि आज एका पारड्यात मी, एका पारड्यात म्हैस!”

“तो तुलाच ठेवेल गं.”

“तुला काय माहीत? ती दूध देते!”

मी स्वतः म्हैस परत नेऊन बांधली आणि शहाताला म्हटलं, हात थांबव. तोवर दुकानात होता तेवढ्या पत्र्याचा त्यानं काठ करून टाकला होता. नुसता काठ, तळ नाही. अंगणात पडलाय, कोंबड्या आत बसतात. वगदीसाहेब येऊन त्याचा फोटो घेऊन गेले. बाजूनं काढला. बाजूनं तळ दिसत नाही.

आणि काल तुमचं पार्सल आलं, साहेब. जाड पोलादी पाटी! ‘ही काहील निधीच्या साहाय्याने बसवली.’ चार कोपऱ्यांना चार भोकं, सोबत ठोकायचे रिबिटसुद्धा. पाटीचा खर्च निधीनं केला म्हणे. तिच्यासाठी कुणी लिफाफे मागवले होते?

शहाताच्या पत्र्याचं काय, हेही तुम्ही सांगणार नाही, ठाऊक आहे. पण ऊस तोडून दारात पडलाय आणि मला थांबायला वेळ नाही. सकाळी मी ती पाटी जुन्या काहिलीच्या भोकावर धरून पाहिली. अगदी मापात! खोटं कशाला बोलू, तुमच्याकडून मिळालेली ही एकच वस्तू आणि ती खरंच उपयोगाची आहे. बखीत ठोकून देणार आहे. किती घेणार विचारलं, तर म्हणाला, “तुझ्याकडून पैसे?” म्हणजे दोनशे.

तेव्हा आता मला लेखी उत्तर द्या, आणि लवकर द्या, रस आंबतोय: पाटीवरची तुमची अक्षरं काकवीकडे ठेवू, की आगीकडे?