बेकरीच्या माथ्यावरचं आकाश

माझ्या बोलण्यात जादू आहे! हे मी म्हणत नाही, माझी आई म्हणायची. मी बोलायला लागलो की समोरचा माणूस जागचा हलत नाही. आमची ही म्हणते, "हलेल कसा? तुम्ही दार अडवून बोलता." पण ते सोडा. पिकतं तिथं विकत नाही, हे काही आजचं नाही.

तर मी आमच्या गावच्या युवक मंडळाचा अध्यक्ष. मंडळातला मी एकमेव असा युवक, ज्याचा मुलगाही युवक आहे! पोरं मला 'अध्यक्षकाका' म्हणतात. पोटासाठी मी टपाल कचेरीत पार्सलं तोलतो. तिथं मला कुणाशी बोलता म्हणून येत नाही. माणूस पार्सल ठेवतो, पावती घेतो आणि पळतो. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच माझी इच्छा. फार नाही ना ही?

मंडळाची खोली बेकरीच्या वर आहे. लांबट, लाकडी जमिनीची. खाली भट्टी दिवसभर धगधगत असते, त्यामुळे ऐन थंडीतही वरच्या फळ्या कोमट असतात. या खोलीवर बेकरीमामांचा फार दिवसांपासून डोळा. त्यांना पिठाची पोती ठेवायला जागा हवी. शेवटी गावसमितीनं ठरवलं, की निरीक्षक बाई येऊन मंडळाचे हिवाळी उपक्रम बघतील. पोरं खरोखरच येऊन काही शिकत असतील, तर खोली मंडळाची. नाहीतर पोत्यांची!

"काळजी नको," मी समितीला छातीठोक सांगितलं. "या हिवाळ्यात पोरांना खोलीत जागा पुरणार नाही!"

आधी पहाटेची धावणी सुरू केली. पहिल्या दिवशी मी आणि दूधवाल्याचा कुत्रा असे दोघंच आलो. दुसऱ्या वळणावर कुत्र्यानंही विचार बदलला. मग विणकामाचा वर्ग काढला. सगळ्यांनी मिळून एक स्वेटर विणायचा बेत होता, पण बाही सोपी म्हणून जो तो बाहीच विणत बसला! अंगाला कुणी हात लावेना. नंतर सुतारकाम. त्यात एक स्टूल तयार झालं. ते अजूनही उभं आहे, फक्त भिंतीला टेकवावं लागतं.

"काका, तुम्हाला स्वतःला काय आवडतं?" एकदा फ्यूजनं विचारलं. फ्यूज म्हणजे गावात विजेची कामं करणारी पोरगी. डोकं लगेच तापतं म्हणून हे नाव.

"तारे," मी म्हणालो. आणि म्हणताना का कोण जाणे, लाजलो.

"मग ताऱ्यांवर बोला ना! माझ्याकडे प्रोजेक्टर आहे. छतावर तारे पाडू. दुपारी कामं उरकली की पडदे लावायचे आणि बसायचं."

छतावरचे तारे बघायचे तर मान मोडते. म्हणून सगळ्यांनी आडवं व्हायचं ठरलं. वर आकाश, खाली कोमट जमीन आणि मधे मी! मला डोळे मिटून बोलायची सवय आहे. मिटले की शब्द सुचतात. पहिल्याच दिवशी मी असा रंगलो, असा रंगलो, की फ्यूजच्या फोनची घंटा वाजली तेव्हाच भानावर आलो. दिवे लागले. सगळे उठून बसले आणि टाळ्या! मध्ये एक चकार शब्द नाही, खोकला नाही, खुसफुस नाही. एवढी शांतता मी फक्त कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी ऐकलेली! खालून बेकरीच्या पीठ मळायच्या यंत्राची तेवढी घर्रघर्र येत होती.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. पहाटे उठून धारा काढणारा दूधवाला आला. रात्रपाळी करून आलेली दवाखान्यातली नर्स आली. काहींनी पांघरुणं आणली, काहींनी उशा.

"मान अवघडते हो काका," दूधवाला म्हणाला. बरोबरच आहे!

"काका, उद्या जरा लांबवाल का?" दोन दिवसांनी नर्सनं विचारलं.

"उद्या नवा विषय घेतो. धूमकेतू!"

"नवा कशाला? कालचंच सांगितलंत तरी चालेल."

ऐकलंत? कालचंच पुन्हा ऐकायची तयारी! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी घरी येऊन हिला म्हणालो, "अगं, जग माझं ऐकतंय!" ही हसली आणि म्हणाली, "हो, कळलं मला." त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

ते दिवस कसे गेले सांगू! कचेरीत पार्सलं तोलताना मला ती ढगासारखी हलकी वाटायची. रस्त्यानं चालताना पाय जमिनीला लागायचे नाहीत. धुकं पडलेलं असायचं, घरांच्या धुरांड्यांमधून धूर सरळ वर जायचा आणि मी आपला त्या धुराच्या टोकाला बसून दुपारची वाट बघायचो. एकदा तर मी टपालाच्या शिक्क्याऐवजी स्वतःच्या चहाचा कप पार्सलावर आपटला!

आणि निरीक्षक बाईंच्या भेटीचा दिवस उजाडला. सकाळीच मी बेकरीत गेलो. मामा कोपरापर्यंत पिठात बुडालेले.

"मामा, एक विनंती आहे. आज दुपारी तुमचं ते मळायचं यंत्र बंद ठेवा. बाईंना घर्रघर्रीचा त्रास नको."

मामांनी मळता मळता वर बघितलं. "कुठलं यंत्र? ते थंडी सुरू झाल्यापासून मोडून पडलंय. हे बघ, हातानं मळून मळून खांदे गेले माझे!"

"मग रोज दुपारी तो आवाज...?"

"तो तर वरून येतो! मला वाटलं, तुम्ही टेबलं ओढता."

मी तिथंच पिठाच्या पोत्यावर बसलो. उशा, पांघरुणं, 'कालचंच सांगा'... सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ते घोरत होते! सगळेच्या सगळे! मी तारे उधळत होतो आणि खाली गाव गाढ झोपलं होतं! घंटा तास संपला म्हणून वाजत नव्हती, तो फ्यूजनं लावलेला गजर होता!

घरी येऊन मी हिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं सांगणार? तुमचा चेहरा इतका खुलला होता... कुणाची छाती झाली नाही." तिनं माझा मफलर नीट केला. "जा आता. बाई येतील."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण रडत बसायला सवड कुठं होती? बाई येणार आणि खोलीभर माणसं झोपलेली बघणार, म्हणजे पोती वर चढलीच! मी ठरवलं, आज कुणाला झोपू म्हणून द्यायचं नाही. पडदे बाजूला सारले. खिडक्या सताड उघडल्या. पांघरुणं जप्त केली आणि सगळ्यांना टणक खुर्च्यांवर ताठ बसवलं.

"काका, आज काय झालं तुम्हाला?" दूधवाल्यानं कळवळून विचारलं.

"आज शिकायचं!" मी गरजलो.

बाई आल्या. नाक थंडीनं लाल, डोळे जागरणानं लाल. कितीतरी दिवस गावोगाव फिरून त्या पार शिणल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ मामा आले, हातात मोजपट्टी घेऊन! खोलीत शिरताच त्यांनी भिंतीची लांबी मोजायला सुरुवात केली.

मी डोळे उघडे ठेवून बोलायला लागलो आणि तिथंच घोटाळा झाला. डोळे उघडे असले की मला समोरची माणसं दिसतात, आणि माणसं दिसली की शब्द पळतात. त्यात माणसं जागी! जागी माणसं प्रश्न विचारतात, हे मी विसरलोच होतो.

"काका, दिवसा तारे कुठं जातात?" दूधवाला.

"कुठं म्हणजे? तिथंच असतात! कितीदा तरी सांगितलंय की!"

"हो का?" तो ओशाळला.

"आणि विझलेला ताराही दिसतो, असं तुम्ही म्हणाला होता म्हणे," नर्स मदतीला धावली.

"म्हणे काय, म्हणे? समोर होतीस ना तू?"

"होते ना काका. पण..."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "यांना तर विषयाची तोंडओळखही दिसत नाही!" खिडकीतून बोचरा वारा आला. एक शिंकला, मग दुसरा, मग ओळीनं सगळेच. मामा माझ्या पायाजवळ मोजपट्टी धरून म्हणाले, "जरा पाय उचल रे. इथं पहिली थप्पी लागेल." मी उचलला! काय करणार? माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई गारठल्यात, हीटर लावते," असं म्हणून फ्यूजनं मोठा हीटर प्रोजेक्टरच्याच बोर्डात खुपसला. फट् झालं आणि खालपासून वरपर्यंत सगळी वीज गेली! गावातल्या एकुलत्या एका वायरमनच्या हातून!

"वारा तरी अडवते," ती पुटपुटली. धडाधड खिडक्या लावल्या, पडदे ओढले. खोलीत गुडुप अंधार.

आता सगळं संपलंच होतं. खोली गेली, मान गेला, ऐकणारे तर कधी नव्हतेच. मी भिंतीला टेकून खाली बसलो. फळ्या कोमट लागल्या. आपोआप डोळे मिटले आणि मी बोलायला लागलो. बाईंसाठी नाही, खोलीसाठी नाही. असंच. म्हणालो, आपल्याला दिसतो तो उजेड ताऱ्यावरून केव्हाचा निघालेला असतो. वाटेत त्याला कुणी भेटत नाही, कुणी बस म्हणत नाही. तो आपला चालतच असतो. आणि इतकं चालून शेवटी पोचतो कुठं, तर आपल्या या एवढ्याशा गावात, कुणाच्या तरी गोठ्याच्या छपरावर. म्हणून कधी वर बघाल तेव्हा त्याला म्हणा, आलास का बाबा? दमला असशील...

घर्रघर्र सुरू झाली.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी बोलता बोलता डोळे उघडले. फळ्यांच्या फटींतून भट्टीचा तांबूस उजेड वर झिरपत होता आणि छतावर त्याचे ठिपके थरथरत होते. प्रोजेक्टरपेक्षा सुंदर! खाली सगळे खुर्च्यांवरून घसरून जमिनीवर आले होते. दूधवाला तोंड उघडं टाकून झोपला होता. नर्सच्या कपाळावरचा ताण गेला होता, ती अगदी शाळकरी पोरीसारखी दिसत होती. मामा मोजपट्टी छातीशी धरून घोरत होते. बाईंची हनुवटी मफलरमध्ये बुडाली होती आणि आठीचा पत्ता नव्हता. मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. दमलेली माणसं होती हो सगळी! मी आवाज आणखी खाली आणला आणि बोलत राहिलो.

गजर वाजला. बाई दचकून उठल्या. गालावर मफलरच्या विणीची नक्षी उमटलेली.

"अतिशय..." त्यांनी घसा साफ केला. "अतिशय एकाग्र कार्यक्रम! अशी शांतता मी कुठल्याच गावात बघितली नाही. खोली मंडळाचीच राहील."

"पण बाई, माझी पोती..." मामांनी डोळे चोळत सुरुवात केली आणि मध्येच एक लांबलचक जांभई दिली. "राहू द्या. भट्टीमागे रचतो. उद्या किती वाजता आहे हे?"

जाता जाता बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे तुम्ही आसपासच्या सगळ्या गावांत करायचं. आधी आमच्या कार्यालयात. तिथली माणसं फार... फार जिज्ञासू आहेत."

तेव्हापासून मी गावोगाव व्याख्यानं देतो. सगळीकडे खोली भरते, सगळीकडे घर्रघर्र होते. मी आता मनाला लावून घेत नाही. माझ्या गैरहजेरीत आमच्या मंडळाची पंचाईत नको, म्हणून फ्यूजनं माझा आवाज रेकॉर्ड करून घेतलाय. एका सुट्टीच्या दुपारी मी म्हटलं, जग ज्या सुखासाठी धडपडतं, ते आपणही एकदा घेऊन बघावं. पांघरूण घेऊन मामांच्या शेजारी आडवा झालो. पडदे लागले, छतावर तारे आले, माझाच आवाज सुरू झाला. बघता बघता सगळे झोपले. माझा डोळा काही लागेना! तो उजेड निघाला, चालू लागला, वाटेत कुणी भेटेना... छातीत नुसती धडधड! आता पोचेल, मग पोचेल, आणि नेमका तेवढ्यात गजर वाजला, फ्यूजनं रेकॉर्ड बंद केलं.

"अगं थांब, बंद काय करतेस!" मी ताडकन उठून ओरडलो. "पुढे काय होतं?"

सगळे डोळे चोळत माझ्याकडे बघायला लागले. ठाऊक कुणाला होतं!